पायाखालच्या भूमीची ओळख : औद्योगिक पट्ट्यातील कुटुंबांसाठी भूविज्ञानाचे काही घरगुती उपक्रम

पिंपरी, चिंचवड, भोसरी, तळवडे आणि चाकण ही नावे उच्चारली की डोळ्यांपुढे कारखान्यांची प्रवेशद्वारे, मालमोटारींच्या रांगा आणि पाळीवर निघालेले कामगार उभे राहतात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पाहता पाहता शेतजमिनींच्या जागी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर अशा जिल्ह्यांतून अनेक ख्रिस्ती कुटुंबे रोजगारासाठी येथे आली आणि त्यांच्याबरोबर येथील धर्मग्रामही वाढले.

गावाकडच्या पिढीला जमीन हाताने ठाऊक होती. ढेकूळ चुरगाळून ओल कळत असे. विहीर खणताना मुरूम कुठे संपतो आणि पाषाण कुठे लागतो, हे आजोबा सांगू शकत. येथे जन्मलेल्या आपल्या मुलांना मात्र जमीन दिसते ती डांबर, फरशी आणि सिमेंटचे ठोकळे यांच्या रूपात. शाळेच्या भूगोलात ती ‘बेसाल्ट’ हा शब्द पाठ करतात, परंतु ज्या बांधाच्या दगडावर बसून बसची वाट पाहतात तोच बेसाल्ट आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ही केवळ अभ्यासातील उणीव नाही. घर कोठे घ्यावे, विंधन विहीर का आटते, भिंतीला तडा का जातो, नदी पुरात कुठवर येते, या प्रश्नांची उत्तरे पायाखालच्या भूमीत असतात. ज्याला भूमीची ओळख नाही, तो या बाबतीत दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहतो आणि कधी कधी त्याची जबर किंमत मोजतो. म्हणून घरच्या घरी, अल्प खर्चात, आईवडील व मुले यांनी मिळून करावयाचे काही उपक्रम या लेखात दिले आहेत.

श्रद्धेशी याचा संबंध काय?

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकाद्वारे पृथ्वीला आपले सामाईक घर मानून तिची काळजी वाहण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी त्यांनी १ सप्टेंबर हा दिवस सृष्टीच्या संगोपनासाठी प्रार्थनादिन म्हणून जाहीर केला. या दिवसापासून असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंत, म्हणजे ४ ऑक्टोबरपर्यंत, ‘सृष्टीचा काळ’ पाळला जातो. आपल्याकडे हा काळ पावसाळ्याच्या अखेरीस येतो. माती ओली असते, ओढे वाहते असतात आणि धुतलेले दगड स्वच्छ दिसतात. भूमीची ओळख करून घेण्यास याहून योग्य ऋतू नाही.

काही पालकांच्या मनात शंका येते, की पृथ्वीचे कोट्यवधी वर्षांचे वय मुलांना शिकवले तर बायबलवरील त्यांच्या विश्वासाला धक्का लागेल काय? ख्रिस्तसभेची शिकवण याबाबत स्पष्ट आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २८३ व्या परिच्छेदात विश्वाचे वय आणि सजीवांची उत्पत्ती यांविषयीच्या वैज्ञानिक संशोधनाचा आदराने उल्लेख आहे आणि अशा शोधांमुळे निर्मात्याच्या थोरवीविषयीचा आपला आदर वाढतो असे सांगितले आहे. उत्पत्तीचे पुस्तक सृष्टी कोणाची व कशासाठी आहे हे सांगते. ती कशी घडत गेली याचा शोध घेण्यासाठी देवाने आपल्याला बुद्धी दिली आहे.

भूविज्ञानाच्या पायाभरणीत तर ख्रिस्तसभेच्या एका बिशपांचा मोठा वाटा आहे. निकोलस स्टेनो यांचा जन्म १६३८ साली कोपनहेगन येथे एका लुथरन कुटुंबात झाला. ते निष्णात शरीरशास्त्रज्ञ होते. १६६६ साली फ्लॉरेन्स येथे एका प्रचंड शार्क माशाच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्यांनी पाहिले, की खडकांत सापडणारे जिभेच्या आकाराचे दगड आणि या माशाचे दात एकसारखेच आहेत. मग समुद्रातील प्राण्याचे दात डोंगरातील खडकात कसे पोहोचले? या प्रश्नाचा पाठपुरावा करून त्यांनी १६६९ साली खडकांच्या थरांविषयीचे नियम मांडले. दरम्यान १६६७ साली त्यांनी कॅथोलिक धर्मात प्रवेश केला होता. पुढे ते धर्मगुरू झाले, १६७७ साली बिशप झाले आणि गरिबीचे जीवन जगत १६८६ साली निवर्तले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित घोषित केले.

साहित्याची चिंता नको

विज्ञानाचे प्रयोग म्हटले की महागडी उपकरणे हवीत अशी समजूत असते. ही समजूत खोटी ठरवणारे एक नाव पुण्याशीच निगडित आहे. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते १९७५ साली पुण्याच्या टेल्को कंपनीत रुजू झाले. १९७८ साली ते एक वर्षाची रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद येथील ग्रामीण विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्यांनी मुलांसाठी भूमितीच्या आकृत्या तयार केल्या. नंतर त्यांनी कारखाना सोडून खेळण्यांतून विज्ञान शिकवण्याचे कार्य आयुष्यभरासाठी स्वीकारले. पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या घरातही अभियंते, फिटर, टर्नर आणि तंत्रज्ञ आहेतच. हाताने वस्तू घडवणाऱ्या आईवडिलांची मुले हाताने शिकण्यास संकोचणार नाहीत.

खरी अडचण वेळेची आहे. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, तर मुलांची रविवारी. त्यात पाळ्या बदलत्या. म्हणून पुढील बहुतेक उपक्रम अर्ध्या तासाचे आहेत. ज्यांना दिवस लागतात, ते खिडकीत ठेवून येता-जाता पाहावेत.

उपक्रम पहिला : दोरीवरचा काळ

आपण ज्या भूमीवर राहतो तिचे नाव दख्खन ट्रॅप. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील पायरीवाचक शब्दापासून आला आहे, कारण सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्यांसारखे दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून तप्त लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. एकावर एक असे अनेक थर साचले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापला आहे. पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले तोही साधारण हाच काळ.

एवढा काळ मुलांच्या कल्पनेत कसा बसवावा? साडेसहा मीटरहून थोडी जास्त लांब सुतळी घ्या. एका टोकाला ‘आज’ अशी चिठ्ठी बांधा. तेथून ६ मीटर ६० सेंटीमीटरवर ‘आपला खडक’ अशी दुसरी चिठ्ठी लावा. या सुतळीवर १ मीटर म्हणजे एक कोटी वर्षे, १ सेंटीमीटर म्हणजे एक लाख वर्षे आणि १ मिलिमीटर म्हणजे दहा हजार वर्षे. आता मुलांना विचारा, आपल्या प्रभूचा जन्म कोठे दाखवायचा? दोन हजार वर्षे म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. पेन्सिलच्या टोकाच्या खुणेतही तो मावून जातो. कारखान्यांची गेली सत्तर वर्षे तर दिसणारही नाहीत. पृथ्वीचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे मानले जाते. ते याच प्रमाणात दाखवण्यास ४६० मीटर सुतळी लागेल, म्हणजे चर्चपासून रस्त्याच्या पलीकडच्या चौकापर्यंत ती न्यावी लागेल. इतक्या अफाट काळात देवाने आपल्यासाठी अवतार घेतला तो क्षण इतका छोटा आहे, हे पाहून मुले गप्प होतात. त्या शांततेत पालकांनी फार बोलू नये.

उपक्रम दुसरा : दगडांची ओळखपरेड

बांधकामाजवळ किंवा रस्त्याच्या कडेला पडलेल्या खडीतून मुलांना दहा-बारा वेगवेगळे दगड गोळा करू द्या. घरी आणून ब्रशने धुवा. साहित्य म्हणून भिंग, लोखंडी खिळा, लोहचुंबक आणि वाटीभर पाणी एवढे पुरे.

सर्वसाधारणपणे तीन प्रकार आढळतील. पहिला घट्ट, जड, काळसर पाषाण; खिळ्याने ओरखडा सहज उमटत नाही. दुसरा करडा वा लालसर, छोट्या छोट्या छिद्रांचा किंवा पांढऱ्या ठिपक्यांचा. आपल्याकडे याला मांजऱ्या खडक म्हणतात. लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांचीच ही छिद्रे. तिसरा प्रकार म्हणजे हाताला भुकटी लागणारा मऊ मुरूम. तो झिजलेला खडकच होय. कोरड्या दगडांवर पाण्याचा एकेक थेंब टाका. पाषाणावर थेंब टिकून राहतो, मुरुमात झिरपतो. नदीकाठच्या कोरड्या वाळूतून कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले तर काळी बारीक पूड चिकटते. बेसाल्टमधील मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे ते कण आहेत.

मांजऱ्या खडकाच्या छिद्रांतील पांढरे, काचेसारखे चमकणारे स्फटिक भिंगातून अवश्य दाखवा. त्यांपैकी बरेचसे झिओलाइट या गटातील असतात. खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने ती छिद्रे हळूहळू भरली गेली. पुण्याच्या परिसरातील स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट हे स्फटिक, तसेच वाघोलीच्या खाणींतील निळेशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील ‘गारगोटी’ संग्रहालयातही ते पाहता येतात.

चाकणला वाहन उद्योगात काम करणाऱ्या पालकांनी येथे मुलांना एक गोष्ट सांगावी. झिओलाइटच्या अंतर्रचनेत अत्यंत सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांतून ठरावीक रेणूच ये-जा करू शकतात. हाच गुण वापरून कारखान्यात कृत्रिम झिओलाइट बनवले जातात. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा या निकषानंतर अनेक डिझेल वाहनांच्या धूरनळीत तांबे मिसळलेले झिओलाइट बसवले जाते. ते धुरातील नायट्रोजनच्या अपायकारक ऑक्साइडांचे रूपांतर निरुपद्रवी नायट्रोजन वायूत व पाण्यात घडवून आणण्यास मदत करते. डोंगरातील दगडाची घडण आणि बाबांच्या कारखान्यातील सुटा भाग यांचे नाते मुलांना असे समजते.

उपक्रम तिसरा : थरांचा पेला

बिशप स्टेनो यांचा मुख्य नियम सोपा आहे. थर विस्कटले गेले नसतील, तर सर्वांत खालचा थर सर्वांत जुना आणि सर्वांत वरचा सर्वांत नवा. काचेच्या पेल्यात ओलसर काळ्या वाळूचा थर द्या, त्यावर विटेच्या भुकटीचा पातळ थर, पुन्हा काळी वाळू, मग रांगोळी, मग माती. आता पारदर्शक स्ट्रॉ सरळ खाली दाबून बोटाने वरचे तोंड बंद करा व हळूच बाहेर काढा. स्ट्रॉमध्ये सगळे थर क्रमाने दिसतील. जमिनीला छिद्र पाडून खडकाचे नमुने काढणारे भूशास्त्रज्ञ हेच करतात.

विटेच्या भुकटीचा थर मुद्दाम दिला आहे. रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीच्या कडेला दोन काळ्या थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात पहिल्याचा पृष्ठभाग झिजून त्याची माती झाली आणि नंतर वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली गेली. म्हणजे तो तांबडा पट्टा हा दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीचा पुरावा होय. पुढच्या प्रवासात मुलेच तो तुम्हाला दाखवतील.

उपक्रम चौथा : चार प्रकारच्या जमिनी

पेरणाऱ्याचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. वाटेवर, खडकाळ जागी, काटेरी झुडपांत आणि चांगल्या जमिनीत पडलेल्या बियांची ही कथा शहरातील मुलांना शब्दांपुरतीच कळते. चार कुंड्या किंवा दह्याची रिकामी भांडी घ्या. एकात तुडवून घट्ट केलेली माती, दुसऱ्यात मुरुमावर मातीचा बोटभर थर, तिसऱ्यात गवताच्या मुळांनी भरलेली माती व चौथ्यात शेणखत मिसळलेली काळी माती भरा. प्रत्येकात दहा-दहा मेथीचे दाणे टाका व सारखेच पाणी द्या. पंधरा दिवस रोज नोंद ठेवा. मुरुमावरच्या पातळ थरातील रोपे चटकन उगवतात, पण मुळे खाली जाऊ शकत नसल्याने पाण्याचा एखादा दिवस चुकला की माना टाकतात. रविवारच्या धर्मशिक्षणवर्गात या चार कुंड्या मांडून दाखला वाचला, तर त्यावर निराळ्या प्रवचनाची आवश्यकता उरत नाही.

याच मातीचे आणखी दोन प्रयोग आहेत. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व बाकी पाणी घालून ती जोराने हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, त्याहून बारीक गाळ काही तासांत बसतो, चिकणमातीमुळे मात्र पाणी दिवसेंदिवस गढूळ राहते. दुसऱ्या प्रयोगासाठी काळी माती भिजवून, मळून, बरोबर दहा सेंटीमीटर लांबीची वळकटी करा व सावलीत वाळू द्या. आठवड्याने पुन्हा मोजा. ती आखूड झालेली असेल आणि तिला तडे गेलेले असतील. काळ्या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. ज्या घराचा पाया काळ्या मातीतच संपतो, त्या घराच्या भिंतींना तडे जाण्याचा धोका असतो. म्हणून जाणकार गवंडी काळी माती काढून मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत पाया नेतात. खडकावर व वाळूवर घर बांधणाऱ्या दोन मनुष्यांचा प्रभू येशूचा दाखला येथे पुन्हा एकदा वाचावा.

उपक्रम पाचवा : पाणी कोठे जाते?

प्लॅस्टिकच्या तीन बाटल्यांचे तळ कापा, तोंडांना फडके बांधा आणि त्या उलट्या टांगा. एकीत काळी माती, दुसरीत मुरूम आणि तिसरीत वाळू, सारख्याच उंचीची भरा. प्रत्येकीत पेलाभर पाणी ओतून घड्याळ लावा. खालच्या भांड्यात पहिला थेंब केव्हा पडला आणि शेवटी किती पाणी जमले, हे लिहून ठेवा. चौथा पेला फरशीच्या तिरक्या तुकड्यावर ओता. वाळूतून व मुरुमातून पाणी लवकर खाली येते. काळी माती एकदा भिजून फुगली की वाट अडवते. फरशीवरून मात्र सगळेच पाणी वाहून जाते.

घट्ट पाषाणात पाणी साठत नाही. आपल्या भागातील भूजल साठते ते झिजलेल्या मुरुमात, मांजऱ्या खडकात आणि पाषाणाच्या भेगांत, आणि वरून पाणी मुरले तरच हा साठा भरतो. सोसायटीचे सगळे आवार सिमेंटने झाकल्यावर विंधन विहिरीला पाणी कोठून यावे? पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला, तेव्हा टँकरचा खर्च सोसलेल्या कुटुंबांना हा प्रश्न नवा नाही.

याला जोडूनच पर्जन्यमापक तयार करावा. सरळ कडांच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळ सपाट दिसेपर्यंत थोडे पाणी आधीच भरून तेथे शून्याची खूण करा व वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. गच्चीवर मोकळ्या जागी ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घ्या. हवामान खात्याची पावसाची दैनंदिन नोंदही याच वेळी होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पुण्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. मग १०० चौरस मीटरच्या गच्चीवर किती लिटर पडले? हा गुणाकार मुलांनाच करू द्या. उत्तर ७० हजार लिटर येते. लोणावळ्याला नातेवाईक असतील तर तेथील मुलांनाही असाच मापक करायला सांगा. अवघ्या पन्नास-साठ किलोमीटरवर पाऊस चार हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. सह्याद्री ढगांना कसे अडवतो, ते अशा दोन वह्या शेजारी ठेवल्यावर कळते.

उपक्रम सहावा : परातीतील नदी

पवना सह्याद्रीत उगम पावते, मावळातील धरणातून पुढे येते, रावेतच्या बंधाऱ्यावर शहराची तहान भागवते आणि दापोडीजवळ मुळेला मिळते. इंद्रायणी देहू व आळंदीवरून वाहत जाऊन तुळापूरला भीमेला मिळते. मोठ्या परातीत ओलसर वाळू भरून तिला उतार द्या. बोटाने नागमोडी पात्र काढा आणि तांब्यातून बारीक धार सोडा. काठांवर आगपेट्यांची घरे मांडा. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा काठ खचत जातो, आतल्या बाजूला वाळू साचते. धार वाढवली की पाणी पात्र सोडून सपाटीवर पसरते. ती सपाटी नदीनेच घडवलेली असते. उन्हाळ्यात ती कोरडी दिसली, तरी पुराच्या वेळी नदी तेथे परत येते.

येथेच मुलांना आणि विशेषतः घर घेण्याच्या विचारात असलेल्या पालकांना पूररेषांची माहिती द्यावी. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने नकाशावर दाखवतात. निळ्या रेषेच्या आत घरे बांधण्यास मनाई असते. मे २०२५ मध्ये चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील तीसहून अधिक बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार पाडण्यात आले. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या घरांचा असा शेवट झाला. जागेचा व्यवहार करण्यापूर्वी महापालिकेच्या विकास आराखड्यातील पूररेषा पाहणे, हा परातीतील प्रयोगातून शिकण्याचा मोठ्यांसाठीचा धडा आहे.

आळंदीजवळ इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगल्याची छायाचित्रे आपण अनेकदा पाहिली आहेत. मुलांना नदीकाठी न्यावे, परंतु शहरालगतच्या पाण्यात हात घालू देऊ नये. पाण्याचा रंग, वास, काठावरचे गवत व पक्षी यांची दुरूनच नोंद घ्यावी. त्याच नदीचे शहराच्या वरच्या अंगाला कसे दर्शन घडते, तेही एखाद्या सुट्टीत पाहावे.

एका दिवसाच्या सहली

निगडीच्या दुर्गा टेकडीवरून आसपासच्या डोंगरांच्या पायऱ्या मोजता येतात. देहूरोडपुढील घोरावडेश्वर डोंगरावर प्राचीन लेणी आहेत. एकसंध खडकात अशी दालने का कोरता आली, हे तेथे दगडाला हात लावून समजते. ते आपल्या हिंदू बांधवांचे श्रद्धास्थान असल्याने तेथील मर्यादा पाळाव्यात. चिंचवड येथील महापालिकेच्या सायन्स पार्कलाही मुलांना अवश्य न्यावे.

चाकणच्या उत्तरेला कुकडी नदीवर दोन अपूर्व स्थळे आहेत. निघोज येथे नदीच्या पात्रातील पाषाणात रांजणासारखे खोल खड्डे पडले आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षे गरगर फिरून त्यांनी ते कोरले आहेत. जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातून आली, असे बहुतेक संशोधक मानतात. आपल्या सुतळीवर ही घटना सात मिलिमीटरवर येईल. हा थर केवळ पाहावा, उकरू नये.

काही दक्षता अनिवार्य आहेत. चालू दगडखाणीत कधीही जाऊ नये. पावसाने भरलेल्या जुन्या खाणींच्या काठावर मुलांना सोडू नये, कारण त्यांची खोली कळत नाही. पावसाळ्यात डोंगरउतारावर नव्या भेगा दिसल्या किंवा झाडे कलली तर तेथून दूर व्हावे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून दीडशेच्या आसपास जीव गेले, ही आपल्याच जिल्ह्यातील घटना आहे. दगड फोडताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. अनेक घरांत तो कारखान्याच्या कामासाठी असतोच.

धर्मग्रामात काय करता येईल?

प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने एक उपक्रम निवडावा व सृष्टीच्या काळातील एखाद्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात मांडावा. आजी-आजोबांना आवर्जून बोलवावे. मातीचे प्रकार, विहिरीचे थर, पावसाची नक्षत्रे यांविषयीचे त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच लोपत आहे. मुलांनी प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. चर्चच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक कायमचा ठेवावा व मासिक नोंद सूचनाफलकावर लावावी. आवारातील थोडी जागा सिमेंटविना मोकळी ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरेल.

राखेच्या बुधवारी आपल्या कपाळावर राख लावली जाते आणि आपण मातीचे आहोत याचे आपल्याला स्मरण करून दिले जाते. ज्या मुलाने माती हातात घेऊन तिचे कण वेगळे केले आहेत, त्याला त्या दिवशी ‘माती’ हा शब्द अधिक स्पष्ट ऐकू येईल. या वर्षी पाऊस थांबण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने निदान एक प्रयोग करावा. आपल्या घराखाली कोणता खडक आहे, आपल्या अंगणातील पाणी कोठे जाते आणि आपल्या नदीची पूररेषा कोठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे घरातील लहानांना व मोठ्यांना देता येऊ लागली, तर सृष्टीच्या संगोपनाची सुरुवात त्या घरात झाली असे समजावे.